जिंकून बसलेल्या बदकांचे पुढे काय? ‘मायटी डक्स’चे दूरचित्रवाणीवरील पुनरागमन

पेनल्टी बॉक्स (धागाकर्ता)

क्रीडाचित्रपटाचा शेवट बहुधा ठरलेला असतो. कच्चा संघ अंतिम सामना जिंकतो, मुले एकमेकांच्या अंगावर उड्या टाकतात आणि पडद्यावर नावे सरकू लागतात. पुढे पंचवीस वर्षांनी तीच गोष्ट दूरचित्रवाणीसाठी पुन्हा हाती घ्यायची म्हटले, की लेखकांची मोठी पंचाईत होते, कारण ज्या मुलांची सगळी गंमत हरता हरता सावरण्यात होती ती तर केव्हाच जिंकून बसलेली असतात. ‘द मायटी डक्स : गेम चेंजर्स’ ही मालिका २६ मार्च २०२१ रोजी डिस्ने प्लसवर सुरू झाली, तेव्हा तिच्यापुढे हाच पेच होता. पहिल्या पर्वात तो फार धीटपणे सोडवला आणि दुसऱ्या पर्वात हातातले उत्तर टाकून दिले, असे माझे मत आहे आणि त्यावरच येथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

मूळ चित्रपट पाहून बराच काळ लोटला असेल त्यांच्यासाठी थोडी उजळणी करतो. पहिला चित्रपट १९९२ मध्ये आला, दुसरा १९९४ मध्ये आणि तिसरा १९९६ मध्ये. मिनियापोलिसमधला गॉर्डन बॉम्बे (एमिलिओ एस्तेवेझ) हा तोऱ्यात वावरणारा वकील दारू पिऊन गाडी चालवताना पकडला जातो आणि समाजसेवेची शिक्षा म्हणून त्याच्या गळ्यात डिस्ट्रिक्ट फाइव्ह हा सतत हरणारा, धड साहित्यही नसलेला लहान मुलांचा आइस हॉकी संघ पडतो. बॉम्बे स्वतः लहानपणी हॉक्स या बलाढ्य संघातून खेळलेला असतो. १९७३ सालच्या अंतिम सामन्यात त्याचा पेनल्टी शॉट गोलच्या खांबाला लागून हुकलेला असतो आणि जॅक रायली या प्रशिक्षकाने त्या चुकीचे ओझे त्याच्या मनावर कायमचे लादलेले असते. बॉम्बेच्या कंपनीचे मालक डक्सवर्थ यांच्या पैशातून संघाला साहित्य मिळते, म्हणून संघाचे नाव डक्स. शेवटी याच हॉक्सविरुद्ध चार्ली कॉनवे हा मुलगा तसाच पेनल्टी शॉट घ्यायला उभा राहतो, आणि रायलीने जे आपल्याला कधी सांगितले नाही ते बॉम्बे चार्लीला सांगतो, की चेंडू आत गेला काय आणि न गेला काय, तुझ्यावरचा माझा विश्वास तेवढाच राहील. (चेंडू म्हणजे अर्थात पक, आइस हॉकीतली चपटी चकती. सवयीने लिहून गेलो.)

आता मालिकेकडे वळू. तिच्यात डक्स हाच मिनेसोटातला बलाढ्य संघ झालेला आहे. त्यांच्याकडे खासगी प्रशिक्षक आहेत, पोषणतज्ज्ञ आहेत आणि मुलाच्या प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवणारे पालक आहेत. बारा वर्षांच्या इव्हान मॉरोला निवड चाचणीनंतर संघातून काढले जाते आणि प्रशिक्षक त्याला सुनावतो, की या वयात उत्तम खेळता येत नसेल तर उगाच त्रास घेऊ नकोस. इव्हानची आई ॲलेक्स (लॉरेन ग्रॅहम) भर रिंकवर (बर्फाच्या मैदानावर) सगळ्या पालकांची खरडपट्टी काढते आणि त्याच टोमण्यावरून ‘डोन्ट बॉदर्स’ हे नाव घेऊन नाकारलेल्या मुलांचा नवा संघ उभा करते. त्यांना सरावासाठी जी मोडकळीला आलेली आइस पॅलेस नावाची रिंक मिळते तिचा मालक निघतो बॉम्बे, आणि त्याला आता हॉकीचे नावही नकोसे झालेले असते.

म्हणजेच लेखकांनी जुन्या नायकांना हॉक्स करून टाकले. जुन्या प्रेक्षकाला ज्या जर्सीचा अभिमान वाटत होता तीच जर्सी घालून समोरचा मुलगा आता कमकुवत मुलाला हिणवतो आहे, हे पाहताना जी अस्वस्थता येते तीच त्या पर्वाची खरी कमाई आहे. जुन्या आठवणींना कुरवाळण्यासाठी मालिका पुन्हा काढायची आणि त्याच आठवणींना जाब विचारायचा, हे धाडस सहसा कोणी करत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये दुसरे पर्व आले. त्यात बॉम्बे नाही, आइस पॅलेस नाही आणि मिनेसोटाही नाही. मुले कॅलिफोर्नियातल्या एका उन्हाळी हॉकी शिबिरात जातात, तेथे गॅव्हिन कोल (जॉश ड्यूमेल) हा माजी व्यावसायिक खेळाडू त्यांना भेटतो आणि गोष्ट चारचौघींसारखी होऊन जाते. २०२३ च्या सुरुवातीला मालिका बंद झाल्याची बातमी आली. आपणांस काय वाटते? पुन्हा कोणी ही मालिका हाती घेतली, तर तिने कोठून सुरुवात करावी?


जुनी पटकथा

धागा आवडला. परंतु डक्सना हॉक्स करून टाकण्याचे सगळे श्रेय आपण २०२१ च्या लेखकांना देत आहात, ते मला थोडे जास्त वाटते. या कल्पनेचे बी मूळ चित्रपटांतच पडलेले आहे. दुसऱ्या चित्रपटात लॉस एंजेलिसला ज्युनियर गुडविल गेम्ससाठी गेलेला बॉम्बे साहित्य बनवणाऱ्या कंपनीच्या पैशाला आणि प्रसिद्धीला भुलतो, केसांना तेल चोपडून मिरवू लागतो आणि मुलांना दमून कोसळेपर्यंत राबवतो. मुलांना स्वतःचा खेळ पुन्हा सापडतो तो दक्षिण लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांकडून. तिसऱ्या चित्रपटात डक्स ईडन हॉल या श्रीमंती शाळेत शिष्यवृत्तीवर दाखल होतात आणि टेड ओरायन हा नवा प्रशिक्षक त्यांना स्पष्ट सांगतो, की लहानपणीच्या विजयावर आता भागणार नाही, बचाव शिका. यश पचत नाही ही तक्रार त्या चित्रपटमालिकेत पहिल्यापासून आहे. आणि ‘गेम चेंजर्स’च्या निर्मात्या-लेखकांत स्टीव्हन ब्रिल होते, ज्यांनी पहिला चित्रपट लिहिला. ते स्वतःच्याच धाग्याचे टोक पकडून पुढे गेले, एवढेच म्हणता येईल.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. कल्पना धीट होती हे मान्य करूनही सांगतो, की ती अंगाला लागली नाही, कारण दहा भागांत त्या नव्या डक्सना चेहराच दिला नाही. पावणेदोन तासांच्या चित्रपटात हॉक्स हा संघ म्हणजे काळी जर्सी घातलेली भिंत असली तरी चालते, प्रेक्षक तेथे डिस्ट्रिक्ट फाइव्हबरोबर बसलेला असतो. दूरचित्रवाणीवर मात्र आपण त्याच माणसांना आठवड्यामागून आठवडे भेटतो. पाचव्या भागातही समोरचा प्रशिक्षक केवळ तिरसट बोलण्यापुरताच पडद्यावर येत असेल, तर तो माणूस न राहता अडथळा होतो. सोफी ही डक्सची सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक मुलगी इव्हानच्या संघात येते तेव्हा क्षणभर दार किलकिले झाले होते. तिच्या घरचा दबाव आणि जिंकण्याच्या सवयीतून येणारी तिची धास्ती आपल्याला दिसते, आणि तेवढ्यापुरते कळते, की बलाढ्य संघात असणे हीदेखील एक शिक्षा असू शकते. ते दार पुढे पुरते उघडलेच नाही.

तुलनेसाठी ‘कोब्रा काय’ पाहा. १९८४ च्या ‘द कराटे किड’ची ही पुढची गोष्ट २०१८ मध्ये सुरू झाली आणि सहा पर्वे चालून २०२५ मध्ये संपली. तिने दृष्टिकोन सरळ मूळ चित्रपटाच्या अंतिम लढतीत हरलेल्या जॉनी लॉरेन्सकडे दिला. त्याचे भाड्याचे घर, त्याची दारू, मुलाशी तुटलेले नाते हे सगळे दाखवल्यावर तीच जुनी शेवटची लाथ प्रेक्षकाला दोन बाजूंनी दिसू लागते. ‘डक्स’मध्ये जुना हॉक्सचा खेळाडू मॅकगिल आज कोठे आहे, हे कोणाला विचारावेसेही वाटले नाही. त्याचा मुलगा आजच्या डक्समध्ये असता तर?


निळी रेषा

मी हॉकीच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण अशा चर्चेत खेळ नेहमी मागे पडतो आणि सगळे पात्रांवरच बोलत राहतात.

१९९२ आणि २०२१ या दोन वर्षांच्या मध्ये खेळच बदलला आहे. पहिल्या चित्रपटातले डक्स पीवी (अकरा-बारा वर्षांच्या) वयोगटातले आहेत आणि अंतिम सामन्यात ॲडम बँक्सला मॅकगिल मागून ढकलून गोलच्या खांबावर आदळवतो. सामन्याचे नाट्य त्या धडकेभोवती फिरते. यूएसए हॉकी या तिथल्या संघटनेने २०११ मध्ये निर्णय घेऊन पीवी गटाच्या सामन्यांतून अंगाने धडक देणे काढून टाकले आणि ते तेरा-चौदा वर्षांच्या बँटम गटापासून पुढे ठेवले, त्यामागे लहान मुलांच्या मेंदूला होणाऱ्या इजांची चिंता होती. त्यामुळे बारा वर्षांच्या इव्हानच्या सामन्यात जुन्या चित्रपटासारखी हाणामारी दाखवणे नियमालाच धरून नाही. नाट्य आता वेग, पास आणि बाकावर बसवून ठेवले जाण्याची भीती यांतून काढावे लागते, आणि हे काम लेखकाला अवघड जाते.

दुसरी गोष्ट पैशाची. ॲस्पेन इन्स्टिट्यूटने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या पालकांच्या खर्चाची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार एका मुलाच्या एका खेळावर घरटी वर्षाला सरासरी ६९३ डॉलर खर्च होत होते आणि आइस हॉकीसाठी हाच आकडा २,५८३ डॉलर होता, म्हणजे पाहणीतल्या खेळांत सर्वांत जास्त. स्केट्स, पॅड, स्टिक, रिंकचे तासाचे भाडे आणि दूरगावच्या स्पर्धांचा प्रवास यांची ती बेरीज आहे. डिस्ट्रिक्ट फाइव्हच्या मुलांना साहित्य नव्हते ही १९९२ मध्ये विनोदाची जागा होती. आज तोच विषय गंभीरपणे घ्यावा लागेल, आणि मालिकेने तो पोषणतज्ज्ञाच्या एका विनोदावर आटोपला. लोगन या नव्या मुलाकडे महागडे साहित्य आहे पण त्याला नीट स्केटिंग येत नाही, एवढा एक प्रसंग मात्र नेमका साधला होता.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते आणि तिचा उल्लेख कोणी करत नाही. मिनेसोटातली मुलांची हॉकी अमेरिकेतल्या इतर राज्यांसारखी नाही. तेथे खेळ वस्तीनिहाय संघटनांमार्फत चालतो, मूल कोठे राहते किंवा कोणत्या शाळेच्या हद्दीत येते त्यावरून त्याची संघटना ठरते आणि संघटनेचे अ, ब, क असे वेगवेगळ्या पातळीचे संघ असतात. पहिल्या चित्रपटाला हे पक्के ठाऊक होते. त्याची सगळी कळ एका हद्दीत आहे. नव्याने आखलेल्या सीमारेषेनुसार बँक्सचे घर डिस्ट्रिक्ट फाइव्हमध्ये येते, म्हणून हॉक्सचा सर्वोत्तम खेळाडू कायद्याने डक्सचा होतो, आणि हा दावा सोडून देण्यास नकार दिल्यामुळे बॉम्बेची नोकरी जाते. वकील असलेला नायक हॉकीच्या नियमावलीवर लढतो, याहून चांगली जुळवणी कोणती? उलट ‘गेम चेंजर्स’मध्ये इव्हानला संघातून काढले की तो थेट रस्त्यावर. प्रत्यक्षात त्याला बहुधा ब संघात घातले असते. आणि ब संघ ही किती जिवंत जागा आहे! तीच जर्सी, तेच बोधचिन्ह, फक्त सरावाची वेळ पहाटेची आणि मित्र अ संघात. अपमान त्यात जास्त आहे, कारण दार बंद झालेले नाही, ते फक्त दुसऱ्या खोलीचे आहे.

ता. क. डक्सच्या त्या प्रसिद्ध ‘फ्लाइंग व्ही’ व्यूहाविषयी. पाच खेळाडू बाणाच्या टोकासारखे एकत्र पुढे गेले आणि पक हरवला, तर मागे गोलरक्षकाशिवाय कोणीही उरत नाही. दुसऱ्या चित्रपटात आइसलँडच्या संघाने तो व्यूह सहज फोडला होता, हे त्या चित्रपटाचे प्रामाणिकपण म्हणायचे.


शिबिरार्थी

मी दुसऱ्या पर्वाची बाजू घेणार आहे आणि त्यासाठी शिव्या खाण्याची तयारी आहे.

एस्तेवेझ दुसऱ्या पर्वात नसतील हे नोव्हेंबर २०२१ मध्येच जाहीर झाले होते. त्यामुळे बॉम्बेला वगळल्याचा दोष पटकथेवर टाकणे अन्यायाचे आहे. ज्या इमारतीचा मधला खांब काढून घेतला आहे ती नव्याने उभी करावी लागते, आणि त्यासाठी जागाच बदलणे हा शहाणपणाचा मार्ग होता. आइस पॅलेसमध्ये बॉम्बेविना गोष्ट चालू ठेवली असती तर प्रत्येक भागात त्याची रिकामी खुर्ची दिसत राहिली असती.

शिबिराची कल्पनाही टाकाऊ नव्हती. पहिल्या पर्वाचा प्रश्न होता, खेळातून कोणाला बाहेर ठेवले जाते? दुसऱ्याचा प्रश्न आहे, ज्यांना आत घेतले जाते त्यांचे काय केले जाते? इव्हान तेथे हळूहळू त्याच चक्रात ओढला जातो ज्याच्याविरुद्ध त्याच्या आईने बंड केले होते, आणि गॅव्हिन कोल हा माणूस पहिल्या पर्वातल्या डक्सच्या प्रशिक्षकासारखा, कोच टीसारखा, कागदी खलनायक नाही. तो हुशार आहे, गोड बोलतो आणि मुलांवर खरोखर मेहनत घेतो. असा प्रशिक्षक ओरडणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा जास्त धोकादायक असतो. ‘जुनी पटकथा’ यांना समोरच्या माणसाला चेहरा हवा होता ना? तो दुसऱ्या पर्वात मिळाला होता. आपण तो पाहिला नाही, कारण आपण बॉम्बेची वाट पाहत होतो.


राखीव फळी

शिबिरार्थी, आपला शेवटचा मुद्दा मला लागला. मीही वाटच पाहत होतो.

पण मला पहिल्या पर्वातल्या सहाव्या भागाविषयी लिहायचे आहे, कारण अशा पुनरागमनाची परीक्षा तेथे होते. फुल्टन, ॲव्हरमन, बँक्स, कॉनी, गाय आणि केन वू हे जुने सहा डक्स त्या भागात परत येतात, एका समारंभाच्या निमित्ताने बॉम्बेला भेटतात आणि बर्फावर उतरतात. चार्ली येत नाही. जोशुआ जॅक्सन मालिकेत नाहीच. अनेकांनी याबद्दल हळहळ व्यक्त केली, मला मात्र त्या अनुपस्थितीने तो भाग वाचला असे वाटते. चार्ली आला असता तर गुरुशिष्यांच्या भेटीने अर्धा तास व्यापला असता आणि इव्हान स्वतःच्याच मालिकेत पाहुणा झाला असता. येथे पूर्वीच्या दुय्यम खेळाडूंचा मेळावा भरतो, ते चाळिशीत आलेले आहेत, थोडे वजन वाढले आहे, आणि एकमेकांना दिलेल्या टोमण्यांत जुनी लय टिकून आहे. भाग संपतो आणि ते आपापल्या घरी जातात. निर्मात्यांनी त्यांना पुढच्या भागात राहू दिले नाही, हा संयम मोठा आहे.

हा प्रकार नवा नाही, हेही ध्यानात घ्यावे. ‘द बॅड न्यूज बेअर्स’ हा मुलांच्या बेसबॉलवरचा चित्रपट १९७६ मध्ये आला, १९७७ आणि १९७८ मध्ये त्याचे पुढचे दोन भाग निघाले आणि १९७९ मध्ये सीबीएसने त्यावर साप्ताहिक मालिका सुरू केली. प्रशिक्षकाच्या भूमिकेत वॉल्टर मॅथाऊच्या जागी जॅक वॉर्डन आले, मुले नवी आली, आणि मालिका फार काळ टिकली नाही. तो मूळ चित्रपट शेवटचा सामना हरतो, त्याची धार त्या हरण्यात आहे. दर आठवड्याला अर्ध्या तासात गुंता सोडवायचा म्हटले की ती धार राहत नाही. प्रश्न नटांचा नव्हता, साच्याचा होता.

याच्या उलट उदाहरण अमेरिकन फुटबॉलवरच्या ‘फ्रायडे नाइट लाइट्स’चे. २००४ चा चित्रपट आणि २००६ ते २०११ ची मालिका या दोन्हींमागे पीटर बर्ग होते. मालिकेच्या चौथ्या पर्वात प्रशिक्षक टेलरला त्याच्या विजेत्या संघातून काढून त्याच गावातल्या दुसऱ्या, दुर्लक्षित शाळेत पाठवतात. तेथे मैदान धड नाही, संघ उभा राहायला मुले नाहीत, आणि रस्त्यापलीकडे त्याचाच जुना संघ आहे. ‘गेम चेंजर्स’ने पहिल्या भागात जे केले ते त्या मालिकेने तीन पर्वे थांबून केले. प्रेक्षकाने तो विजेता संघ आधी तीन पर्वे आपला मानला होता, म्हणून तो परका झाल्यावर कळ आली. इव्हानच्या डक्सवर आपण प्रेम करण्याआधीच त्यांनी आपल्याला हाकलून दिले. जुन्या चित्रपटांचे प्रेम उसने आणून ते भरून काढायचे होते, आणि आजच्या दहा वर्षांच्या मुलाकडे ते उसने प्रेम नसते.


निळी रेषा

वरील शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. अगदी सहमत.

एक अवांतर, पण फार लांबचे नाही. पहिल्या चित्रपटात बॉम्बे मुलांना नॉर्थ स्टार्स या मिनेसोटाच्या व्यावसायिक संघाचा सामना पाहायला नेतो आणि तेथे माइक मोडॅनो व बेझिल मॅक्रे हे खरे खेळाडू भेटतात. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, नॉर्थ स्टार्स मिनेसोटा सोडून डॅलसला गेले, आणि त्याच वर्षी डिस्नेने चित्रपटाचे नाव देऊन मायटी डक्स ऑफ ॲनाहाइम हा संघ एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये उतरवला, तोही कॅलिफोर्नियात. ज्या राज्याची ही गोष्ट होती त्याचा संघ गेला आणि गोष्टीचे नाव दुसऱ्याच राज्याने नेले. दुसऱ्या चित्रपटाच्या अंतिम सामन्यात मुले मधल्या विश्रांतीनंतर तीच नवी व्यावसायिक जर्सी घालून बाहेर येतात. जाहिरात आणि भावना त्या क्षणी इतक्या एकजीव झालेल्या आहेत, की त्या वेगळ्या काढता येत नाहीत. डिस्नेने २००५ मध्ये संघ विकला, २००६ मध्ये नावातून ‘मायटी’ गेले आणि २००७ मध्ये त्या संघाने लीगचा स्टॅनले चषक जिंकला. त्यामुळे दुसऱ्या पर्वात मुले कॅलिफोर्नियाला निघाली तेव्हा मी म्हटले, पुन्हा एकदा तीच वाट. शिबिरार्थी यांचा युक्तिवाद मान्य करूनही मिनेसोटा सोडणे मला पटत नाही. गोठलेल्या तळ्यावर खेळणाऱ्या मुलांची ही गोष्ट आहे.


कॅसेटकाळ

सगळे बोलत आहेत, पण एक व्यावहारिक प्रश्न राहिला. ज्या मालिकेवर आपण एवढे लिहीत आहोत ती आज पाहायची कोठे? २६ मे २०२३ रोजी डिस्नेने आपल्या सेवेवरून अनेक मालिका आणि चित्रपट काढून टाकले, त्यात ‘गेम चेंजर्स’चे दोन्ही पर्व होते. कंपनीने स्वतःच बनवलेली, स्वतःच्याच सेवेसाठी बनवलेली मालिका.

पहिला चित्रपट अमेरिकेत सुमारे ५ कोटी डॉलर कमावून गेला, पण त्याचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू झाले. मुलांनी तो कॅसेटवर पाहिला, दूरचित्रवाणीवर मधूनच लागलेला पाहिला, अर्धा पाहिला, पुन्हा पाहिला. आवडीचा चित्रपट असाच घडतो. दिवसभर कंटाळलेल्या मुलाला तो योगायोगाने सापडावा लागतो. शोधून काढायची आणि शोधूनही न सापडणारी मालिका कोणाच्या बालपणाचा भाग कशी होणार? ज्यांच्यासाठी ती बनवली ती मुले आणखी दहा वर्षांनी तिची आठवण काढतील का, याची मला शंका आहे. पुन्हा सुरू करण्याआधी जे आहे ते दाखवा, असे मी म्हणेन.


पेनल्टी बॉक्स (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. माझे मत बदलले आहे हे कबूल करतो, पूर्ण नव्हे, पण बरेच.

शिबिरार्थी, मी दुसरे पर्व बॉम्बेच्या रागापोटी पाहिले हे खरे आहे आणि गॅव्हिन कोलला मी न्याय दिला नाही. तरीही एक तक्रार राहते. पहिल्या पर्वाच्या अखेरीस डोन्ट बॉदर्स डक्सना हरवतात आणि ते नाव स्वतःकडे घेतात. म्हणजे दुसऱ्या पर्वाची सुरुवात होते तेव्हा नाकारलेली मुलेच आता अधिकृत डक्स आहेत. मग ज्यांचे नाव गेले त्या मुलांचे काय झाले? काल रात्रीपर्यंत जे डक्स होते आणि आज सकाळी कोणीच नाहीत, अशा बारा वर्षांच्या पंधरा-सोळा मुलांची गोष्ट तेथे आयती पडली होती. लेखक तिला ओलांडून कॅलिफोर्नियाच्या विमानात बसले. माझा राग बॉम्बेपेक्षा त्या मुलांसाठी जास्त आहे, हे मला ही चर्चा वाचताना कळले.

‘निळी रेषा’ यांनी सुचवलेला ब संघ आणि ‘जुनी पटकथा’ यांनी विचारलेला मॅकगिलचा मुलगा या दोन गोष्टी एकत्र केल्या, तर मला तिसऱ्या प्रयत्नाचा आराखडा दिसू लागतो. एकच संघटना, अ आणि ब असे दोन संघ, दोघांचीही जर्सी डक्सची. मॅकगिलचा मुलगा ब संघात, कारण वडिलांचा आडदांडपणा आता नियमात बसत नाही आणि स्केटिंगचा वेग त्याच्याकडे नाही. घरी वडील जुन्या धडकेची गोष्ट अभिमानाने सांगतात की लाजेने, हे ठरवायला पूर्ण पर्व आहे. संघ कायम मिनियापोलिसमध्येच राहावा आणि गोष्टीचा काळ एका हिवाळ्याचा असावा. सामने मोजकेच, चार किंवा पाच, पण प्रत्येक सामना पूर्ण लांबीचा, म्हणजे ‘राखीव फळी’ म्हणतात तसे दर अर्ध्या तासाला कोणी जिंकायची सक्ती राहणार नाही. बॉम्बे हवा की नको यावर मी अजून ठाम नाही. असलाच तर तो प्रशिक्षक नसावा. निवड समितीच्या बैठकीत नियमावली घेऊन येणारा म्हातारा वकील म्हणून मला तो चालेल, कारण पहिल्या चित्रपटात त्याने संघ वाचवला तो काही अंशी कागदपत्रांच्या जोरावरच.

कॅसेटकाळ, आपल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. काल मी पहिला चित्रपट पुन्हा लावला. मुलांना पकवरचा हात हलका ठेवायला शिकवण्यासाठी बॉम्बे त्यांना स्टिकने अंडी एकमेकांकडे द्यायला लावतो तो प्रसंग आठवतो का? शेजारी बसलेल्या आठ वर्षांच्या पुतणीने तेवढा भाग मागे नेऊन तीनदा पाहिला, आणि मग विचारले, की फुटलेल्या अंड्यांवरून स्केटिंग करताना पाय घसरत नाही का. निळी रेषा, याचे उत्तर आपणच द्यावे.